उतारासाठी घडलेली सायकल आणि सपाटीवरचा स्वार

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा, साधनसामग्रीविषयीचा एक नियम असा आहे, की शर्यतीत वापरली जाणारी सायकल कोणाही सायकलपटूला बाजारात विकत मिळण्याजोगी असली पाहिजे. चाचणीच्या टप्प्यावरील नमुन्यांना परवानगीने काही मुदतीची सवलत मिळते, पण एकाच खेळाडूसाठी घडवलेले आणि इतरांना कधीच न मिळणारे यंत्र शर्यतीत चालत नाही. या नियमामुळे जगज्जेत्याची सायकल आणि पैसे मोजणाऱ्या हौशी माणसाची सायकल यांत, निदान सांगाड्यापुरता, फारसा फरक राहत नाही, आणि म्हणूनच व्यावसायिक दर्जाची डाउनहिल सायकल सामान्य माणसाने घ्यावी का, हा केवळ हौसेने चघळण्याचा विषय न राहता खरेदीचा प्रश्न होतो. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी तो आणखी एका वेषात समोर येतो, कारण तेथील दुकानात खरी डाउनहिल सायकल सहसा नसते, पण तिचे रूप घेतलेली ‘डबल शॉकअप’ची सायकल मात्र हमखास असते.

डाउनहिल म्हणजे डोंगरमाथ्यावरून पायथ्यापर्यंत, दगडधोंडे, मुळे, उड्या आणि तीव्र वळणे यांनी भरलेल्या वाटेने, एकेका स्पर्धकाने घड्याळाशी लावलेली शर्यत. या प्रकाराचा उगम कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. १९७६ पासून फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली सुसाट सोडू लागले. त्या सायकलींना कोस्टर ब्रेक असे, म्हणजे पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक लागे. एका उतारात तो हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि पुढच्या खेपेआधी ते नव्याने भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. याच मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी सांगाडा घडवला, आणि गॅरी फिशर, चार्ली केली प्रभृतींच्या खटपटीतून पुढे माउंटन बाइक हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. येथे एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो: हे तरुण अनेकदा सायकली ट्रकमध्ये टाकून माथ्यावर नेत. उतरायचे सायकलीवरून आणि चढायचे दुसऱ्या वाहनाने, ही विभागणी या खेळाच्या जन्मापासूनची आहे आणि पुढील सगळे विवेचन तिच्याभोवतीच फिरते.

माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतील दुरँगो येथे झाली आणि तीत डाउनहिलचाही समावेश होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून माउंटन बायकिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, परंतु ते चढ-उतार दोन्ही असलेल्या क्रॉसकंट्री प्रकाराला. डाउनहिल आजवर तेथे पोहोचलेले नाही. डाउनहिलचा मार्ग साधारण दीड ते साडेतीन किलोमीटरचा आणि उतरण्याचा वेळ दोन ते पाच मिनिटांचा असावा, असा संघटनेचा दंडक आहे. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमचा प्रसिद्ध मार्ग २.८ किलोमीटर लांबीत ५५५ मीटर खाली येतो, आणि स्पर्धक व सायकली वर नेण्यासाठी तेथे तारेवरचे पाळणे आहेत. पायडल मारण्याला या खेळात किती कमी महत्त्व उरू शकते, याचा पुरावा २०१५ मध्ये ऑस्ट्रियातील लिओगांग येथे मिळाला: अमेरिकेच्या आरन ग्विन याची चेन सुरुवातीलाच तुटली, आणि उरलेला सगळा मार्ग त्याने एकदाही पायडलचा जोर न लावता पार करून ती विश्वचषक फेरी जिंकली. चेनवाचून जिंकता येते अशी सायकल चेनच्या जोरावर चालवायला घेतली तर काय होईल, याचा अंदाज या एका घटनेवरून बांधता येतो.

या सायकलीची घडण पाहिली की तिचा प्रत्येक भाग त्या दोन-पाच मिनिटांसाठीच बेतलेला दिसतो. पुढचा फोर्क, ज्याला दुकानदार चिमटा म्हणतात, येथे मोटारसायकलीसारखा दोन ठिकाणी पकडलेला असतो, आणि पुढचे व मागचे चाक प्रत्येकी सुमारे २०० मिलिमीटर वर-खाली होऊ शकते. या अंतराला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. हँडलच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन ६२ ते ६४ अंशांच्या आसपास, म्हणजे बराच आडवा ठेवलेला असतो, त्यामुळे पुढचे चाक स्वाराच्या बरेच पुढे जाते आणि तीव्र उतारावर सायकल पुढच्या चाकावरून उलटण्याची भीती कमी होते. दोन चाकांतील अंतर मोठे असते, डिस्क ब्रेकच्या चकत्या २०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या असतात आणि टायरच्या भिंती दुहेरी थराच्या असतात. सीट कायम खाली असते, कारण उतारावर स्वार बसतच नाही, तो पायडलवर उभा राहतो. गिअर बहुधा सातच, आणि तेही वेगासाठी निवडलेले. सगळे मिळून वजन १५ ते १८ किलोच्या घरात जाते.

शॉकअपचे कार्य थोडे सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गैरसमज तेथेच आहेत. शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे करणारे दोन भाग असतात. पहिला स्प्रिंग, मग ती पोलादाच्या तारेची असो वा कोंडलेल्या हवेची. ती धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. दुसरा डॅम्पर, म्हणजे बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाऊन ती ऊर्जा उष्णतेत जिरवणारी यंत्रणा. तेल ज्या वेगाने छिद्रांतून रेटले जाते त्यावर विरोधाचे प्रमाण ठरते, त्यामुळे डॅम्पर कोणत्या वेगाच्या धक्क्यांसाठी जुळवला आहे हे महत्त्वाचे ठरते. विश्वचषकातील स्पर्धक ताशी ५० किलोमीटर वा अधिक वेगाने दगडांच्या राशीवर आदळतो, म्हणून त्याच्या सायकलीचा शॉकअप सामान्य माणसाला कमालीचा कडक वाटतो. तीच जुळवणी घेऊन सावकाश उतरणाऱ्या हौशी माणसाला शॉकअप जवळजवळ हलतच नाही असा अनुभव येतो, आणि मऊ असेल म्हणून घेतलेली लाखमोलाची सायकल हातांना गोठ्यातल्या फरशीसारखी टणक लागते. यावर उपाय आहे: स्वाराच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलायची, स्वार नुसता उभा राहिला असता ट्रॅव्हलचा पाव ते तिसरा हिस्सा दबेल इतपत ती सैल ठेवायची, आणि डॅम्परच्या खुंट्या फिरवून विरोध कमी करायचा. व्यावसायिक दर्जा आणि व्यावसायिक जुळवणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत; पहिली विकत मिळते, दुसरी ज्याची त्याने करून घ्यायची असते.

‘अशा सायकली फक्त पट्टीच्या खेळाडूंसाठी’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला मात्र बरोबर नाही. कॅनडातील व्हिसलर येथे हिवाळ्यात बर्फावर घसरणाऱ्यांसाठी असलेल्या लिफ्ट उन्हाळ्यात सायकलस्वारांना वर नेतात, आणि तेथे पहिल्यांदाच आलेल्या पर्यटकालाही डाउनहिल सायकल भाड्याने मिळते. त्यात वेडेपणा काही नाही. लांब ट्रॅव्हल, आडवा कोन आणि जबर ब्रेक यांमुळे नवख्याच्या चुका पोटात घातल्या जातात. जेथे साध्या सायकलीचे चाक दगडाला अडून स्वार हँडलवरून फेकला गेला असता, तेथे ही सायकल तो दगड गिळून पुढे जाते. तेव्हा स्वाराचे कौशल्य हा निकष दुय्यम आहे. खरे प्रश्न दोन: उतरण्यासाठी पुरेसा उतार आहे का, आणि वर जाण्यासाठी पायांखेरीज दुसरे साधन आहे का.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांपुरते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर भूगोलच देतो. नांदेड शहर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या थोडे वर, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्या आसपास. या दोन जिल्हा ठिकाणांमध्ये रस्त्याने सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे, आणि एवढ्या वाटेत मिळून जो उंचीचा फरक पडतो, तो फोर्ट विल्यमच्या पावणेतीन किलोमीटरांतील उताराच्या निम्म्याच्या जवळपास जातो. अर्धापूर तालुका तर नांदेड-हिंगोली रस्त्यावरचा, काळ्या कसदार जमिनीचा, केळी आणि हळदीचा सपाट मुलूख. येथे सायकलीला मिळणाऱ्या वाटा म्हणजे हमरस्त्याची कड, गावातील सिमेंटचे रस्ते, कालव्याच्या भरावावरून जाणारा मुरमाचा रस्ता आणि शेतात नेणाऱ्या पाणंदी. या वाटांवर खड्डे आहेत, उखडलेली खडी आहे, बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत. पण दोनशे मिलिमीटरचा शॉकअप पुरता दबावा असे तेथे काहीच नाही.

अशा ठिकाणी डाउनहिल सायकल चालवल्यास अडचण नेमकी कोठे येते, याबाबतही एक गैरसमज आहे. बहुतेकांचे बोट प्रथम वजनाकडे जाते. हिशेब मांडला तर वजनाचा दोष वाटतो त्याहून लहान निघतो. सत्तर किलोचा स्वार सोळा किलोची सायकल घेऊन शंभर मीटर उंची चढला, तर सुमारे ८४ हजार ज्यूल काम होते. सामान्य माणूस टिकून देऊ शकेल अशी शक्ती १०० वॅट धरली, तर त्याला चौदा मिनिटे लागतात. सायकल पाच किलोने हलकी असती तर त्यातील पन्नासएक सेकंद वाचले असते, एवढेच. खरी गोम गिअरमध्ये आहे. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे सर्वांत मोठी २४ दात्यांची, अशी डाउनहिलची जोडी धरली, तर २९ इंची चाकाच्या सायकलीवर पायडलच्या एका फेऱ्यात सव्वातीन मीटर अंतर कापले जाते. मिनिटाला साठ फेरे मारायचे म्हटले, तर आठ टक्के चढावर केवळ उंची गाठण्यासाठीच सुमारे २२० वॅट लागतात, आणि एवढी शक्ती कसलेल्या सायकलपटूलाच काही वेळ पुरते. उलट पुढे ३२ आणि मागे ५० दाते असलेल्या साध्या माउंटन बाइकवर त्याच चढावर, तेवढ्याच फेऱ्यांत, काम शंभर वॅटच्या आत भागते. वेग कमी पडतो, पण माणूस उतरून सायकल ढकलत नाही.

सपाट रस्त्यावर आणखी दोन गोष्टी शक्ती खातात. मऊ रबराचे, खोल दात्यांचे आणि कमी हवेचे टायर डांबराला चिकटून चालतात, आणि पायडलच्या प्रत्येक दाबाबरोबर मागचा शॉकअप थोडा दबून स्वाराच्या श्रमांतील काही वाटा गिळतो. खाली अडकलेल्या सीटमुळे गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत, आणि अर्धापूरहून नांदेडला सुमारे वीस किलोमीटर अशा बैठकीने जाणाऱ्याचे गुडघे दुखू लागले तर त्यात नवल नाही. आडव्या कोनाचे हँडल वेगात स्थिर असले, तरी बाजाराच्या गर्दीत चालण्याच्या गतीने जाताना ते एका बाजूला कलंडू पाहते. डोके व हनुवटी झाकणारे शिरस्त्राण आणि गुडघ्या-कोपरांची कवचे हा या खेळाचा नेहमीचा पोशाख असतो. मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी तो अंगावर चढवून कोणी शेतापर्यंत जाईल, हे संभवत नाही.

देखभालीचा मुद्दा याहून निर्णायक आहे. फोर्कच्या खालच्या नळ्या उघडून, सील पुसून, तेल बदलण्याचे काम अनेक उत्पादक साधारण ५० तासांच्या वापरानंतर करायला सांगतात. शर्यतीत पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्याला ही मुदत बरीच मोठी असते; रोज तासभर सायकल वापरणाऱ्याच्या बाबतीत ती दोन महिन्यांच्या आत संपते. गावातील सायकल दुकानात पंक्चर, चाकाचा आउट, चेन आणि गोळ्या यांची कामे उत्तम होतात, परंतु डॅम्पर उघडण्याची हत्यारे आणि सुटे भाग यांसाठी पुणे किंवा हैदराबादच गाठावे लागते. कित्येक लाखांची सायकल एका सीलअभावी घराच्या ओसरीत उभी राहणे ही काही मोठी प्रगती म्हणता येणार नाही.

आता त्या दुसऱ्या वेषाकडे वळले पाहिजे, कारण तालुक्याच्या गावातील खरा ग्राहक तेथेच फसतो. दहा-पंधरा हजार रुपयांना मिळणाऱ्या, जाड नळ्यांच्या, भडक रंगाच्या, पुढे-मागे शॉकअप लावलेल्या सायकली दिसायला डाउनहिलच्या कुळातल्या असतात, पण त्यांच्या शॉकअपमध्ये बहुधा केवळ स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो. परिणाम असा होतो, की खड्ड्याचा धक्का साठवला जातो आणि पुढच्याच क्षणी स्वाराला वर उडवून परत केला जातो. मागचा हात सांगाड्याला जेथे जोडलेला असतो तेथील बुशिंग काही महिन्यांत झिजते आणि मागचे चाक आडवे हलू लागते. किंमत राखण्यासाठी पोलाद स्वस्त, ब्रेक साधे आणि गिअर कमकुवत ठेवावे लागतात, कारण त्याच रकमेत दोन शॉकअपही बसवायचे असतात. सायकलींच्या वापराचे वर्गीकरण करणाऱ्या अमेरिकी मानकांत डांबरी रस्त्यापासून अतितीव्र उतारापर्यंत चढत्या श्रेणी आहेत; पाश्चात्त्य देशांतील मोठ्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या अशा दिखाऊ सायकलींवर कित्येकदा त्या खडबडीत वाटेवर न नेण्याची सूचना चिकटवलेली असते. रूप डोंगराचे आणि हमी सपाट रस्त्याची, असा हा व्यवहार आहे. खरी डाउनहिल सायकल अर्धापूरला अनुरूप नाही, एवढेच म्हणता येते. ही नक्कल कोठेच अनुरूप नाही.

याउलट, मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी ज्या सायकली दिल्या जातात, त्यांना शॉकअप नसतो, गिअर नसतो, आणि तरीही पाच किलोमीटरपर्यंतची रोजची ये-जा त्या निमूटपणे निभावतात. बिघडण्याजोगा भागच कमी असणे हा ग्रामीण भागात फार मोठा गुण ठरतो, आणि तो कोणत्याही जाहिरातीत छापून येत नाही.

तथापि शर्यतीच्या मैदानात सिद्ध झालेल्या सगळ्याच गोष्टी सामान्य सायकलस्वाराने नाकाराव्यात असे नाही. शर्यतींच्या गरजेतून तावूनसुलाखून निघालेले तेलदाबाचे डिस्क ब्रेक पावसाळ्यातही भरवशाचे असतात. रिमवर दाबणारे रबरी ब्रेक ओल्या चिखलात निसटतात. रुंद हँडलमुळे खडीवर तोल सांभाळणे सोपे जाते. सर्वांत उपयुक्त मात्र बिनट्यूबचा टायर. त्यात थोडे द्रवरूप रबर ओतलेले असते, आणि काटा रुतला की ते छिद्राशी येऊन गोठते व हवा कोंडून ठेवते. बाभळीचे काटे आणि सराटे यांनी भरलेल्या पाणंदीतून जाणाऱ्याला या एका सोयीचे मोल दोन्ही शॉकअपांपेक्षा अधिक आहे. कडक उन्हाळ्यात ते द्रव लवकर सुकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी त्यात भर घालावी लागते एवढेच. काळ्या मातीचा चिखल मात्र याही टायरला सोडत नाही. तो टायर आणि फोर्क यांच्या मधल्या फटीत गच्च बसून चाकच थांबवतो, आणि टायर जितका रुंद तितकी ती फट लहान. म्हणून या जमिनीवर दोन ते सव्वादोन इंच रुंदीच्या पुढे जाण्यात हशील नाही.

या मुलखाला साजेशी सायकल अशी: मागे शॉकअप नसलेला ताठ सांगाडा, पुढे डॅम्पर असलेला आणि रस्त्यावर बंद करता येणारा ८० ते १०० मिलिमीटरचा फोर्क, अथवा तोही नको असल्यास साधा चिमटा, चढासाठी मोठी मागची चकती आणि वजन १३-१४ किलोंच्या आत. अशा सायकलीवर माहूर-किनवटच्या डोंगराळ पट्ट्यातील किंवा कंधार-मुखेडकडील बालाघाटच्या वाटाही मजेत पार करता येतात, आणि रोजची शाळा-कॉलेज, शेत, बाजार ही कामेही अडत नाहीत. महाराष्ट्राची सायकल-परंपराही याच बाजूची आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळत आला आहे, घाट उतरण्याचे बक्षीस कोणी ठेवलेले नाही.

ज्याला डाउनहिलचीच ओढ आहे, त्याने खेळ सोडण्याचे कारण नाही, मात्र त्याने प्रथम मैदान शोधावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळातील पोनमुडी येथे झाली, तीत डाउनहिलचाही समावेश होता. हिमाचलातील मनालीच्या परिसरात आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर हौशी स्वार नियमाने उतरत असतात. वर्षातून एक-दोन आठवडे अशा ठिकाणी जाऊन, मिळाल्यास भाड्याची सायकल आणि जाणत्या माणसाची सोबत घेऊन उतरणे, हे अर्धापुरात डाउनहिल सायकल पाळण्यापेक्षा स्वस्तही पडते आणि शिकणेही त्यात अधिक होते.

दुकानात उभ्या असलेल्या डबल शॉकअपच्या सायकलीची परीक्षा घ्यायला फार ज्ञान लागत नाही. सीट जोराने खाली दाबून एकदम सोडावी. सायकल एकदाच वर येऊन थांबली तर आत डॅम्पर आहे, दोन-तीनदा हिंदकळली तर नुसती स्प्रिंग आहे. मग मागचे चाक धरून ते आडवे हलवून पाहावे. नवीनच सायकलीत ते जरासेही खुळखुळत असेल, तर त्याच किमतीत शॉकअप नसलेली, चांगल्या ब्रेकची सायकल मागावी.